ऑफिसात समोरच्याचं मन ओळखणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेच्या शाखेतून, आयटी कंपनीतून, शाळेच्या स्टाफरूममधून, कारखान्याच्या शॉप फ्लोअरवरून जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. उत्तराचा काही भाग दुसरीकडे आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चेहरा बघून समोरच्याच्या मनातलं खरंच कळतं का?

थोडंफार कळतं, पण आपल्याला वाटतं तितकं नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांना फोटो दाखवले आणि राग, भीती, आनंद, दुःख, किळस, आश्चर्य या सहा भावनांचे चेहरे जगभर सारखेच असतात, असं मांडलं. प्रशिक्षणवर्गांत आजही बहुतेक ठिकाणी हेच शिकवतात. पण २०१९मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. त्यात दिसलं की राग आलेली माणसं भुवया आवळून, आठ्या घालून बघतात ती साधारण ३० टक्के वेळा. उरलेल्या वेळी ती हसतात, गप्प बसतात, रडतात किंवा फाइल चाळत राहतात. आणि आठ्या तर हिशोब जुळत नसतानाही पडतात, पित्त झाल्यावरही पडतात.

२०१२चा एक प्रयोग इथे फार बोलका आहे. अटीतटीचा गुण जिंकलेल्या आणि हरलेल्या टेनिसपटूंचे नुसते चेहरे लोकांना दाखवले, तेव्हा कोण जिंकलं ते त्यांना सांगता येईना. मान, खांदे, मुठी दिसल्या तेव्हा सांगता आलं. तेव्हा चेहऱ्याला एक साक्षीदार माना, निकाल त्याच्या एकट्याच्या जबानीवर देऊ नका.

२. मग बघायचं तरी काय? सुरुवात कुठून करू?

त्या माणसाच्या नेहमीच्या वागण्यापासून. एखादी खूण सुटी घेतली तर तिला काहीच अर्थ नसतो, अर्थ असतो तो बदलाला. कोणी मुळातच हळू बोलतो, कोणी पाय हलवल्याशिवाय बसूच शकत नाही. म्हणून दोन आठवडे, कामाचा ताण नसलेल्या वेळी, चार गोष्टी नुसत्या ध्यानात घ्या: बोलण्याचा वेग, प्रश्न विचारल्यावर उत्तराला लागणारा वेळ, हात एरवी कुठे असतात, आणि बैठक संपल्यावर माणूस रेंगाळतो की लगेच उठतो. वहीत नोंदी ठेवू नका. सहकाऱ्यांच्या भावनांची वही कोणाच्या हाती लागली तर विश्वास कायमचा जातो.

मग बदल दिसला की स्वतःला तीन गोष्टी विचारा. हे नेहमीपेक्षा वेगळं आहे का? एकाच वेळी दोन-तीन खुणा बदलल्या का? आणि नेमकं कशाच्या पाठोपाठ बदलल्या? तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा, आणि तोच बहुतेक जण विसरतात.

सोमवारची आढावा बैठक घ्या. एक सहकारी एरवी पेनचं टोपण काढून वहीत सतत काहीतरी टिपत असतो. 'क्लायंटने तारीख आठवडाभर अलीकडे घेतली आहे' हे वाक्य आलं आणि त्याने टोपण लावलं. वही उघडीच, पेन आडवं. पाच मिनिटांनी त्याला नावाने विचारलं, तर 'हो, होईल' म्हणाला, पण त्याआधी आवंढा गिळला आणि आवाज नेहमीपेक्षा जरा चढा लागला. यावरून तो घाबरलाय, चिडलाय की मनात ठरलेल्या रजेचा हिशोब करतोय, ते कळत नाही. तारखेपाशी काहीतरी अडलंय एवढंच कळतं. तेवढं पुरतं. पुढचं काम विचारण्याचं आहे (प्रश्न ८).

३. हाताची घडी म्हणजे विरोध, नजर टाळली म्हणजे लपवाछपवी, नाकाला हात लावला म्हणजे खोटं. हे खरं का?

नाही. एसी १८वर असेल तर अर्धी खोली हाताची घडी घालून बसते. वरिष्ठांसमोर नजर खाली ठेवणं आपल्याकडे अनेक घरांत आदर म्हणून शिकवलं जातं. मुलाखतीत अशा उमेदवाराला 'आत्मविश्वास कमी' असा शेरा मारणं हा त्याच्यावर अन्याय आहे. खूण-अर्थाचे असले तक्ते सोडून द्या आणि प्रश्न २मधली पद्धत वापरा.

४. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के असतो म्हणे?

हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या दोन छोट्या अभ्यासांतून आला: शब्द ७, आवाज ३८, चेहरा ५५. त्यात लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, आणि प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नावडतो. शब्द एक सांगतायत आणि सूर दुसरंच, अशा वेळेपुरतं ते खरं. सगळ्या बोलण्याला तो आकडा लावू नये, असं खुद्द मेहराबियन यांनीही सांगितलं आहे. माणूस काय म्हणाला ते आधी नीट ऐका. समोरच्याचे शब्दच धड न ऐकता त्याची देहबोली वाचत बसणं ही आमच्या मते ऑफिसातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

५. चेहऱ्यावरून जास्त कळतं की आवाजावरून?

आवाजावरून. मायकेल क्राउस यांनी २०१७मध्ये पाच प्रयोग प्रसिद्ध केले. नुसता आवाज ऐकणाऱ्यांनी भावना जास्त अचूक ओळखल्या. आवाज आणि चेहरा दोन्ही मिळालेले मागे पडले. आपण चेहरा सांभाळायला लहानपणापासून शिकतो, आवाज सांभाळणं तितकं जमत नाही.

म्हणून अवघड विषय असेल तर व्हिडिओ कॉलपेक्षा साधा फोन करा. व्हिडिओवर नजरेला नजर मिळत नाही, कारण माणूस पडद्याकडे बघतो आणि कॅमेरा वर असतो. शिवाय नेटमुळे आवाज अर्धा सेकंद उशिरा आला तरी समोरचा कचरतोय असं वाटतं. फोनवर तीन गोष्टी ऐका: वाक्यांची लांबी (एरवी गप्पा मारणारा दोन-दोन शब्दांवर आला का), वाक्याचा शेवट (आवाज विरतो की ठाम थांबतो) आणि बोलण्याआधीचा श्वास.

६. आमच्याकडे सगळे 'हो' म्हणतात आणि काम होत नाही. 'हो'मधला 'नाही' कसा ओळखायचा?

सगळ्यांत जास्त पत्रं या प्रश्नाची येतात. आपल्याकडे वरिष्ठाला तोंडावर नकार देणं उद्धटपणाचं समजतात, म्हणून नकार होकाराच्या कपड्यात येतो. पण भाषा त्याचा माग सोडते.

पहिली खूण तपशिलाची. खरा होकार सोबत प्रश्न घेऊन येतो: 'जुनी फाइल कोणाकडे आहे?', 'शुक्रवारी दुपारी दिलं तर चालेल?' तोंडदेखला होकार झटकन येतो आणि एकटाच येतो.

दुसरी खूण 'तसं' या शब्दाची. 'होईल' आणि 'होईल तसं' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'तसं' म्हणणाऱ्याने एक दार उघडं ठेवलेलं असतं. 'तसं काही नाही' ऐकलंत तर काहीतरी नक्की आहे असं धरून चाला.

तिसरी, ठरलेली वाक्यं. 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणजे बहुधा माझं वेगळं मत होतं, ते मी मागे घेतलं. 'बघतो' हे कनिष्ठाच्या तोंडी अडचण सांगतं, तर 'बघू' हे वरिष्ठाच्या तोंडी बऱ्याचदा सभ्य नकार असतो. 'प्रयत्न करतो' यात अपयशाची तयारी आधीच केलेली असते. 'हरकत नाही' सहज म्हटलं तर खरंच हरकत नसते. 'हरकत' आणि 'नाही' यांत थांबा पडला तर हरकत आहे. 'चालेल'चंही तसंच: 'चालेल ना, का नाही!' आणि नुसतं खाली बघून 'चालेल' हे एक नव्हे.

याला उपाय म्हणजे प्रश्न बदलणं. 'जमेल ना?' या प्रश्नाला 'हो'शिवाय उत्तरच नसतं, त्यातल्या 'ना'ने ते आधीच मागून घेतलेलं असतं. त्याऐवजी 'यात सगळ्यांत आधी काय अडेल?' असं विचारा. अडेल हे गृहीत धरल्यामुळे अडचण सांगणं हा उद्धटपणा उरत नाही, ते कामाचं उत्तर ठरतं. किंवा 'शुक्रवारची खात्री दहापैकी किती?' असं विचारा. 'सहा' म्हणणं माणसाला 'नाही' म्हणण्यापेक्षा पुष्कळ सोपं जातं. सहा ऐकल्यावर 'आठ व्हायला काय लागेल?' हा पुढचा प्रश्न.

७. सहकारी अचानक 'तू'वरून 'तुम्ही'वर आला. काही बिनसलंय का?

शक्यता आहे. अरे-तुरेच्या नात्यात 'तुम्ही' आलं, किंवा नावाने हाक मारणारा 'साहेब' म्हणू लागला, तर तो अंतर घेतोय. मराठीत बोलणारा एकाएकी इंग्रजीत बोलू लागला तर तेही तसंच. अनेकांना राग इंग्रजीत व्यक्त करणं सुरक्षित वाटतं, शब्द परके असले की धार कमी लागते. मात्र आधी आजूबाजूला बघा. तिसरं कोणी आलंय का? मेलमध्ये वरिष्ठ कॉपीला आहेत का? तुमची बढती झाली आहे का? यापैकी काही असेल तर ती निव्वळ रीत आहे. दोघंच असताना, चहाच्या टपरीवरही 'तुम्ही' टिकलं, तर विचारा.

८. विचारायचं कसं? समोरचा अवघडू नये म्हणून काय करू?

आधी, विचारायचं का. ताल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८मध्ये २५ प्रयोग एकत्र प्रसिद्ध केले. 'स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघा' असं सांगितल्याने लोकांचे अंदाज अचूक झाले नाहीत, कधी कधी खात्री तेवढी वाढली. थेट विचारून घेतलं तेव्हा मात्र अचूकता वाढली. सहानुभूतीने माणूस प्रेमळ होतो, पण माहिती विचारल्यानेच मिळते.

जागा: केबिनमध्ये बोलावू नका. केबिनमध्ये बोलावणं हीच मुळात एक बातमी असते, आणि ती चार टेबलं बघतात. चहाला जाताना, जिना उतरताना, शेजारी-शेजारी चालताना विचारा. समोरासमोर बसलं की चौकशी वाटते.

वेळ: त्याच दिवशी, प्रसंगानंतर अर्ध्या-एक तासाने. लगेच विचारलं तर माणूस अजून सावरलेला नसतो, आठवड्याने विचारलं तर तुम्ही मनात साठवून ठेवलंत असं वाटतं. सुटायच्या वेळेला तर नकोच. त्याचं लक्ष ५:५२च्या लोकलकडे असतं.

वाक्याचे तीन तुकडे करा. आधी फक्त दिसलं ते: 'मघाशी तारखेचा विषय निघाला आणि तू लिहायचा थांबलास.' मग दोन शक्यता: 'तारीख अवघड वाटतेय, की दुसरंच काही डोक्यात होतं?' शेवटी सुटायला वाट: 'आत्ता नको असेल तर उद्या बोलू.' दोन शक्यता अशासाठी की एकच दिली तर तो आरोप होतो. आणि वाट अशासाठी की ती दिसली की माणूस बहुतेक वेळा निघून न जाता थांबून बोलतो.

मग गप्प बसा. मनात सहापर्यंत मोजा. विचारणारे चुकतात ते इथेच: शांतता सहन न होऊन स्वतःच उत्तर सुचवतात आणि समोरचा 'हो, तेच' म्हणून सुटका करून घेतो.

टाळायची वाक्यं: 'चिडलायस का?' (भावनेला नाव आपण दिलं की समोरच्याचं सगळं बळ ते नाव खोडण्यात जातं), 'शांत हो', 'एवढं काय झालं?' आणि 'मला माहितीय तुला काय वाटतंय'. वरिष्ठांना विचारायचं असेल तर भावनेचा विषयच काढू नका, कामावरून विचारा: 'सर, मघाच्या आकड्यांत काही खटकलं का? दुपारपर्यंत दुरुस्त करून देतो.'

९. विचारलं तर 'काही नाही' म्हणतात. आता?

तिथेच सोडा. 'बरं. काही लागलं तर मी आहे' एवढं म्हणा आणि कामाचं बोला. त्याच दिवशी पुन्हा विचारू नका. अनेक माणसं दोन-तीन दिवसांनी, भलत्याच विषयाच्या शेवटी, जाता जाता खरं सांगतात, म्हणून संभाषण संपल्यावर लगेच पाठ फिरवू नका. आणि खरंच काही नसूही शकतं. तुमचा अंदाज चुकला हे उत्तर मनापासून स्वीकारा.

१०. व्हॉट्सअॅपवर नुसतं 'ठीक आहे.' आलं. राग आलाय का?

त्यावरून सांगता येत नाही. २००५मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी ईमेलमधून गंभीर आणि उपरोधिक वाक्यं पाठवायला लावली. वाचणारे ७८ टक्के वेळा बरोबर ओळखतील असं पाठवणाऱ्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात ५६ टक्के वेळा ओळखलं, म्हणजे छापा-काट्याच्या जवळपास. लिहिताना आपला सूर आपल्या कानात वाजत असतो, तो अक्षरांत उतरत नाही.

मेसेज वाचताना वयाचाही विचार करा. पन्नाशीतले सहकारी वाक्य पूर्ण झालं म्हणून पूर्णविराम देतात. पंचविशीतल्यांना तोच पूर्णविराम तुटक वाटतो. नुसता अंगठा एकाला 'मिळालं, धन्यवाद' असतो, दुसऱ्याला हाकलल्यासारखा. इथेही नेहमीचं काय ते बघा. जो रोज 'हो रे, करतो' लिहितो त्याचं 'ओके' आलं तर दखल घ्या. एका मुद्द्यावर तीन मेसेज होऊनही गैरसमज मिटत नसेल तर चौथा लिहू नका, फोन उचला.

११. थकवा आणि नाराजी, लाज आणि बेफिकिरी यांत मी नेहमी गल्लत करतो. फरक कसा करायचा?

थकवा सगळ्यांशी सारखा असतो, नाराजी निवडक असते. माणूस तुमच्याशी तुटक आणि शेजारच्याशी मोकळा असेल तर ती नाराजी. सगळ्यांशीच तुटक असेल तर आधी झोप, तब्येत, घरचं आजारपण, महिनाअखेर यांची शक्यता धरा.

एकाग्रता आणि राग यांच्या आठ्या सारख्याच दिसतात. हाक मारल्यावर कपाळ सैल झालं तर ती एकाग्रता होती.

लाज आणि बेफिकिरी यांतली गल्लत सर्वांत जास्त नुकसान करते. चूक दाखवल्यावर नवा मुलगा हसतो, आणि वरिष्ठ भडकतात: 'हसतोस काय?' ते हसू बऱ्याचदा कसनुसं असतं. ओठ हसतात, डोळे हसत नाहीत, मान किंचित खाली, कान लाल, हात कशाशी तरी चाळा करत असतात. बेफिकीर माणसाचं अंग सैल असतं, लाजलेल्याचं आखडलेलं. खात्रीचा फरक दुसऱ्या दिवशी कळतो: लाजलेल्याने चूक न सांगता दुरुस्त केलेली असते.

अपमान तर त्या क्षणी दिसतच नाही. माणूस गप्प होतो, कामापुरता उरतो. नंतरच्या आठवड्यात डब्याच्या टेबलावरची जागा बदलते, 'मला एक सुचतंय' हे वाक्य बंद होतं. राग बोलून विझतो, अपमान न बोलता राजीनाम्यापर्यंत जातो. म्हणून भर बैठकीत कोणाला लागेल असं बोललं गेलं असेल तर खुणेची वाट बघू नका, त्याच दिवशी, आणि जमलं तर त्याच लोकांसमोर, दुरुस्ती करा.

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. थिजणं, घाम, काटा, आवाज बदलणं, कंप, चेहऱ्याचा रंग उतरणं, डोळे भरणं, भान हरपणं. ऑफिसातही ही यादी कामी येते, कारण या खुणा ठरवून आणणं किंवा दाबणं अवघड आहे. त्यांवरून भावना किती तीव्र आहे ते कळतं, कोणती आहे ते नाही. घाम भीतीनेही येतो आणि तीन मजले चढूनही.

१२. साहेबांचा मूड बघूनच रजेचा अर्ज नेतो. यात चूक काय?

वेळ बघून बोलण्यात चूक काहीच नाही. जेवणाआधी, वरच्या ऑफिसचा फोन नुकताच ठेवलेला असताना किंवा दारात दुसरं कोणी उभं असताना अर्ज नेऊ नये, हे शहाणपणच. चूक होते ती साहेबांच्या कपाळावरची प्रत्येक आठी आपल्यासाठीच आहे असं मानण्यात. खालचा माणूस वरच्याला डोळ्यांत तेल घालून वाचतो, आणि वरच्याच्या डोक्यात त्या वेळी ऑडिट, वरून आलेलं पत्र किंवा मुलाची परीक्षा असते. शंका आली तर तुमच्याआधी आत जाऊन आलेल्याला विचारा. त्यालाही तसाच अनुभव आला असेल तर विषय तुमचा नाही.

१३. मी टीम लीड आहे. सगळे छान चाललंय म्हणतात आणि मग एकदम राजीनामा येतो. मला आधी का कळत नाही?

कारण तुमच्यासमोर येणारा चेहरा तयार करून आणलेला असतो. ज्याच्या हातात वार्षिक मूल्यमापन आहे त्याला खरं सांगणं ही जोखीम आहे. तुमचं निरीक्षण कितीही सुधारलं तरी हा पडदा राहणार. तो उचलायचा असेल तर तुमचं वागणं बदलावं लागेल.

बैठकीत तुमचं मत शेवटी सांगा, सर्वांत नवख्याला आधी विचारा. कोणी वाईट बातमी आणली तर पहिलं वाक्य 'बरं झालं आत्ता सांगितलंस' हेच असू द्या; असं का झालं ते विचारायला नंतर वेळ आहे. त्या पहिल्या पाच सेकंदांत तुमच्या चेहऱ्यावर काय येतं ते सगळी टीम लक्षात ठेवते. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाशी वीस मिनिटं एकट्याने बोला आणि एक प्रश्न ठरवून विचारा: 'माझ्यामुळे तुझं कोणतं काम अडतंय?' उत्तर मिळालं तर त्यातली एक छोटी गोष्ट आठवड्याच्या आत बदला. काहीच बदललं नाही तर पुढच्या वेळी उत्तर मिळणार नाही.

१४. समोरचा खोटं बोलतोय हे ओळखायला शिकता येईल का?

यावर वेळ घालवू नका. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी २००६मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यांत जवळपास २४,५०० जणांनी दिलेले निर्णय होते. नुसतं बघून-ऐकून खरं-खोटं ओळखण्याची सरासरी अचूकता ५४ टक्के निघाली. घाबरलेला प्रामाणिक माणूस खोटारड्यासारखाच दिसतो. कामात खरं शोधायचं असेल तर बिलं, तारखा, लॉग, दुसरा साक्षीदार बघा. चेहऱ्यावरून कोणावरही चौकशी लावू नका.

१५. बोलता बोलता कोणी रडायला लागलं तर काय करू?

बोलणं थांबवा, बसून राहा. पाण्याचा ग्लास जवळ सरकवा, नजर थोडी बाजूला करा. 'थांबू या का, की बोलत राहू?' असं विचारा आणि जे सांगतील तसं करा. खांद्यावर हात ठेवू नका, 'रडू नकोस' म्हणू नका. दार काचेचं असेल तर त्यांची पाठ दाराकडे होईल अशी जागा बदला. अश्रू म्हणजे दुःखच असं नाही. अनेकांना, विशेषतः ज्यांना मोठ्याने रागावायची मुभा कधीच मिळाली नाही त्यांना, संतापाने रडू येतं. मूल्यमापनाची बैठक असेल तर निर्णय त्या दिवशी घेऊ नका आणि सह्याही घेऊ नका.

१६. मला मुळातच हे कळत नाही. लोक म्हणतात मी दगड आहे. काय करू?

काही माणसांना स्वतःच्याच भावना ओळखायला आणि शब्दांत मांडायला अवघड जातं. त्याला अलेक्सिथिमिया म्हणतात आणि साधारण दहातल्या एकाला ते असतं. ऑटिझम असलेल्यांबद्दल ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२मध्ये महत्त्वाचा मुद्दा मांडला: न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, इतरांनाही ऑटिस्टिक माणूस तितकाच कळत नाही. तेव्हा सगळा भार एकट्याने उचलायचं कारण नाही.

सरळ सांगून टाका: 'मला सुचवलेलं कळत नाही, स्पष्ट सांगितलेलं आवडतं. काही खटकलं तर शब्दांत सांगा.' बैठकीनंतर ठरलेल्या गोष्टी तीन ओळींत लिहून पाठवा आणि 'काही सुटलं का?' विचारा. प्रश्न ६मधला दहापैकी आकड्याचा उपाय तुमच्यासाठी विशेष चांगला, कारण त्यात सूर ओळखावा लागत नाही.

१७. मला उलटा त्रास आहे. सगळ्यांचं जाणवतं आणि घरी पोचेपर्यंत गळून जातो.

भावना संसर्गासारख्या पसरतात. चिडलेल्या माणसाशेजारी तासभर बसलं की आपलेही खांदे वर जातात. शिवाय काउंटरवर, कॉल सेंटरला, वॉर्डात दिवसभर चेहरा सांभाळावा लागतो. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३मध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून याला भावनिक श्रम म्हटलं. ते श्रमच आहेत, पगारपत्रकात दिसत नाहीत इतकंच.

दोन गोष्टी करून बघा. अस्वस्थ वाटलं की आधी विचारा: 'हे सकाळी निघताना होतं का?' नव्हतं, तर ते बहुधा दुसऱ्याचं आहे. आणि जाणवलेल्या प्रत्येक गोष्टीवर काही केलंच पाहिजे असं नाही: ज्याच्याशी तुमचं काम जोडलेलं आहे त्यालाच विचारा, बाकीच्यांना त्यांचे लोक आहेत. अवघड ग्राहकानंतर पुढचा टोकन नंबर बोलावण्याआधी दोन मिनिटं उठून पाणी पिऊन या.

१८. 'ती हसत होती, म्हणजे तिला चालत होतं.' या बचावात तथ्य आहे का?

नाही. अवघडलेलं, घाबरलेलं माणूस हसतं, विशेषतः समोर वरिष्ठ असेल तेव्हा. प्रश्न ११मधलं कसनुसं हसू तेच. हसू, गप्प राहणं, तिथून न उठणं यांतलं काहीही संमती नाही. भावना ओळखण्याचं कौशल्य इथे लावायचंच नाही, कारण अंदाज चुकल्याची किंमत दुसरी व्यक्ती मोजते. २०१३च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते.

१९. सहकाऱ्याच्या बोलण्यावरून जिवाचं काही करेल अशी भीती वाटते. अंदाज चुकला तर?

इथे चुकीची पर्वा करू नका. 'मी नसलो तरी चालेल', 'आता सगळं आवरतोय' अशी वाक्यं, आवडत्या वस्तू देऊन टाकणं, खूप दिवसांच्या उदासीनंतर एकाएकी आलेली शांतता, यांतलं काही दिसलं तर एकांतात थेट विचारा: 'जीव द्यायचे विचार येतायत का?' विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. 'हो' आलं तर एकटं सोडू नका, घरच्यांना किंवा जवळच्या माणसाला बोलवा आणि १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली मानस सेवा आहे, २०२२पासून चोवीस तास चालते, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. गुप्ततेचं वचन देऊ नका. प्रश्न ९मधला 'तिथेच सोडा' हा सल्ला इथे लागू नाही.

२०. कंपनी कॅमेऱ्याने भावना ओळखणारं सॉफ्टवेअर आणतेय. त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं का?

बरीचशी अशी सॉफ्टवेअर प्रश्न १मधल्या जुन्या समजुतीवर उभी असतात: आठ्या म्हणजे राग, वर गेलेले ओठ म्हणजे आनंद. प्रश्न २मधल्या बैठकीत तारखेचा विषय निघाला होता हे त्यांना माहीत नसतं आणि टोपण लावलेलं पेन त्यांच्या लेखी काहीच नसतं. युरोपीय संघाच्या २०२४च्या एआय कायद्याने कामाच्या ठिकाणी आणि शाळा-महाविद्यालयांत भावना ओळखणाऱ्या एआयवर मनाई केली आहे. ती २ फेब्रुवारी २०२५पासून लागू आहे आणि अपवाद फक्त वैद्यकीय व सुरक्षेच्या कारणांचा. तुमचं काम युरोपातल्या कार्यालयासाठी होत असेल तर तिथल्या कायदा विभागाला हे विचारता येईल. बाकीच्यांनी एचआरकडे लेखी चार गोष्टी मागाव्यात: नेमकं काय टिपलं जातं, किती दिवस ठेवलं जातं, कोण बघतं, आणि मूल्यमापनात त्याचा उपयोग होणार का. चौथ्याचं उत्तर 'हो' असेल तर आपल्याबद्दलची नोंद पाहण्याची आणि तिच्यावर हरकत घेण्याची सोय त्याच पत्रात मागून ठेवा.